मुळ्यांची बदली

आमच्या शेजारचे चेअरमन आयुष्यात कुणालाच काढून टाकू शकले नाहीत. माणसाला नाही, मोडक्या छत्रीला नाही आणि मुळ्याच्या रोपाला तर नाहीच.

मुलांनो, तुम्ही शिरूरला आला होता तेव्हा भिंतीपलीकडून "काय पाव्हणं, इमानात जेवाया काय देत्यात?" असं ज्यांनी विचारलं होतं, तेच हे. त्यांचं खरं नाव मला बरेच दिवस माहीतच नव्हतं. दौंड तालुक्यातल्या राहू गावी ते एके काळी दूध सोसायटीचे चेअरमन होते. पुढे सोसायटी सुटली, गाव सुटलं, पद मात्र अंगाला चिकटून राहिलं. घरात मुलगा-सून त्यांना आबा म्हणत. भाजीवाला, पोस्टमन आणि मी, आम्ही मात्र चेअरमनच म्हणायचो, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

त्यांच्या काळात सोसायटीच्या कमिटीवर माणसं फक्त येत, जात कुणीच नसे. निवडणुकीत पडलेल्याला ते सल्लागार म्हणून घेत. भांडून बाहेर पडलेल्याला निमंत्रित म्हणून परत बोलावत. शेवटी मीटिंगला खुर्च्या पुरेनात, तेव्हा काही सभासदांना दुधाच्या कॅनवर बसवलं, असं ते अभिमानानं सांगत. "म्याडम, माणूस एकदा आपल्यात आला ना, की त्याला काढायचं न्हाई. आपुन सरकून बसायचं." मी पुण्यात जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि एका बाकावर चौथं मूल दिसलं की त्याला उठवलं. आमचे मतभेद व्हायचेच होते.

तुमच्याकडे पानं लाल होऊन गळू लागतात, त्या सुमारास इथे पाऊस ओसरतो आणि हिवाळी भाज्यांचं बी टाकायची वेळ येते. मुळा, मेथी, पालक, गाजर, बीट, कोथिंबीर. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. वाफ्यावर दोरी ताणायची, काडीनं सरळ रेघ ओढायची, बोटभर अंतरावर एकेक बी, वर चाळलेली माती, आणि टोकाला नाव लिहिलेली पट्टी. चेअरमन भिंतीवर कोपरं टेकून हे सगळं बघत.

"लायनीत उभा केला व्हय पालक? आता प्रार्थना म्हणाया लावा."

"रांगेत असलं की खुरपायला सोपं जातं, चेअरमन."

"आन् उशिरा उगवंल त्याला काय, वर्गाभाईर उभं करणार?"

यावर मी खाली वाकून पुढची रेघ ओढायची. खरं म्हणजे उशिरा उगवलेल्या बीटाकडे मी जरा रागानंच बघायची.

सुरुवातीला माझा समज असा होता की, या माणसाला मातीतलं सगळं कळत असणार. राहूला त्यांचा ऊस होता, कांदा होता. पण हळूहळू कळलं की ऊसतोडीला टोळी येई, कांदा लावायला बायका येत, नांगरायला ट्रॅक्टर येई, आणि चेअरमन पांढऱ्या टोपीत बांधावर उभे राहून "व्हय, चालू द्या" म्हणत. परसातली भाजी हे त्यांच्या पत्नीचं राज्य. तिला ते मालकीण म्हणत. "मालकिणीनं लावायची, आम्ही वरपायची. मदी आम्ही कवाच पडलो न्हाई." मालकीण गेल्या, जमीन वाट्यानं दिली गेली आणि संजयनं त्यांना शिरूरला आणलं. संजय त्यांचा मुलगा, कारेगावला कंपनीत सुपरवायझर आहे. इथे चेअरमनांच्या वाट्याला फाटकाजवळचा मातीचा एक पट्टा आला. रोज सकाळी चपला काढून ते त्यात फेऱ्या मारत. लावत काहीच नसत. नुसते चालत.

मग संजयनं गाडी बुक केली. त्या रविवारचं संभाषण मी ऐकलं, कारण ते ऐकू येऊ नये असा प्रयत्न दोघांपैकी कुणीच केला नाही.

"आबा, दिवाळी पाडव्याला डिलिव्हरी आहे. त्याआधी अंगणात ब्लॉक टाकून घेऊ. पार्किंगचा मोठा इश्यू झालाय."

"आन् माती?"

"मातीचं काय? पावसाळ्यात नुसता चिखल होतो. तुम्ही तरी काय लावलंय तिथं? एक काडी नाही."

"लावतो की."

"कधी?"

"घट बसले की. पाडव्याला तुझ्या ताटात माझ्या वाफ्यातली भाजी पडली न्हाई, तर टाक तुझं ब्लॉक. मी सोता पाट्या उचलीन."

संजय हसला आणि "ठरलं" म्हणाला. मलाही हसू आलं. पण नंतर भिंतीपलीकडे पाहिलं, तर चेअरमन त्या पट्ट्यात मधोमध उभे होते आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. राहूचं एवढं रान सुटल्यावर पाय टेकायला म्हणून एवढीच माती त्यांना उरली होती. ती गेली असती, तर सकाळी चपला काढायचं कारणच उरलं नसतं.

तयारी मात्र त्यांनी सभा भरवल्यासारखी केली. राहूहून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोतून काळ्या मातीची पोती आली, शेणखत आलं. बाजारातल्या दुकानातून बियांची पाकिटं आली. घटस्थापनेच्या सकाळी घरातली पूजा आटोपून चेअरमन धोतर खोचून वाफ्यात बसले, पाकिटाचं तोंड फाडलं आणि ते तळहातावर पालथं केलं. सगळंच्या सगळं. मग मुठीमुठीनं मुळ्याचं बी असं पसरलं की खालची माती दिसेना.

"चेअरमन, अहो, फार दाट होतंय!"

"दाटच पायजे. घटात इरळ पेरत्यात व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही आमच्याकडचा घट पाहिलेला नाही, म्हणून सांगते. पत्रावळीवर माती पसरून तिच्यात सात प्रकारची धान्यं पेरतात, मधोमध पाण्याचा कलश ठेवतात, आणि दसऱ्यापर्यंत भोवती हिरवंगार धान उगवतं. ते जितकं दाट, तितकं घरादाराला चांगलं म्हणतात. चेअरमनांनी जन्मात स्वतःच्या हातानं पेरलेली वस्तू एकच होती, दरवर्षीचा घट. त्यांनी अंगणात मुळ्याचा घट बसवला होता. मेथीचा बसवला, पालकाचाही बसवला.

आणि गंमत म्हणजे तो उगवला. माझ्या रांगांतून एखादं हिरवं टोक डोकावत होतं, तेव्हा त्यांच्याकडे हिरवी सतरंजी अंथरली गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते फाटकात थांबवत. कुरिअर द्यायला आलेल्या बिहारी पोराला तर त्यांनी वाफ्यापर्यंत नेलं. "देखो. सब एकदम आया. एक भी गैरहजर न्हाई."

मी त्यांना समजावून पाहिलं. मुळ्याला जमिनीखाली जागा लागते. आता विरळणी केली नाही, मधली रोपं उपटली नाहीत, तर एकही पोसणार नाही. चेअरमन शांतपणे ऐकत आणि शेवटी विचारत, "कुणाला काढू? तुमीच नाव सांगा." मी बोट दाखवलं की ते वाकून त्या रोपाकडे बघत. "हे? ह्यानं काय केलंय?"

नवरात्र संपत आलं तसं ऊन तापू लागलं. एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, नेहमीची ठसक्यातली नव्हे. पालकाच्या वाफ्याचा एक कोपरा आडवा झाला होता. देठ बुडाशी काळे पडून रोपं एकमेकांच्या अंगावर कलली होती. गर्दीत हवा खेळत नाही, मुळाशी ओल साचते, आणि असं होतं. मुळाही पिवळट पडू लागला होता. चेअरमन टोपी हातात घेऊन उभे होते.

"सरकून बसाया सांगितलं होतं," ते म्हणाले. थट्टेनं म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. मग वाफ्याकडे बघतच म्हणाले, "पाडव्याला पोराच्या ताटात काय वाढू म्याडम?"

मी आत येऊन चहा टाकला, पण मन तिकडेच होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी ते सोनं द्यायला आले. हातात आपट्याची पानं, आणि टोपीच्या कडेला घटातल्या धानाचा तुरा खोवलेला. ते पाहून मी पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून उभी राहिले.

"चेअरमन, हे टोपीतलं धान कुठून आणलंत?"

"घटातलं हाय की. दरसाल खोवतो."

"म्हणजे उपटलंत."

"छ्या! उपटलं न्हाई. डोईवर चढवलं."

"मग मुळ्याची रोपंही चढवा. कढईत. कोवळ्या पाल्याची भाजी होते. टाकून कुणालाच द्यायचं नाही."

चेअरमन आमच्या सोफ्यावर गुडघ्यांवर हात टेकून बसले. सोसायटीच्या एखाद्या अवघड ठरावावर ते असेच बसत असतील. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हंजी हकालपट्टी न्हाई."

"नाही."

"बदली."

"हो, बदलीच म्हणा."

"आवो, मग आधी न्हाई का सांगायचं! बदल्या तर मी लई केल्यात!"

दुसऱ्या दिवसापासून चेअरमन वाफ्याकडेला पाटावर बसून एकेक रोप उपटू लागले. अजून जीव होत नव्हता, पण प्रत्येकाला ते कारण देत होते. "चला, तुमाला कढईच्या कमिटीवर घेतलंय. मानाची जागा हाय." "तुमी थांबा, तुमचं बूड चांगलं हाय." "आवो, तुमी का मागं लपताय?" उपटलेली रोपं टोपलीत जात, टोपली पूनमकडे, म्हणजे सुनेकडे जाई. पहिल्या दिवसांत भाजी एवढीशीच व्हायची. ती चेअरमन एकटेच खात, कारण सौदा पाडव्याचा होता. उरलेल्या मुळ्यांना जागा मिळाली, हवा मिळाली. पानं रुंदावली. जमिनीशी पांढरी बोटं दिसू लागली. बोटंच, हं. मुळे म्हणावेत असे नव्हेत. मी तसं म्हटल्यावर चेअरमन म्हणाले, "ज्युनियर हायती. येतील वर."

पाडव्याला त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. साक्षीदार म्हणून, असं स्पष्ट सांगून. त्या सकाळी त्यांनी स्वतः पाला खुडला आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पूनमला सूचना दिल्या. लसूण ठेचून घाल, चिरू नको. डाळीचं पीठ वरून पेर, कालवू नको. झाकण मी सांगेन तवाच काढ. ज्या माणसानं जन्मात कढई हलवली नव्हती, त्याला मालकिणीच्या भाजीची एकेक पायरी पाठ होती. एवढी वर्षं ते जेवायची वाट बघत नुसते बसत नव्हते, बघतही होते तर.

ताटं वाढली. पुरणपोळी होती, कुरडया होत्या, आणि कडेला मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरलेली भाजी. संजयनं मोबाइल बघत पहिला घास घेतला. मग मोबाइल पालथा ठेवला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. खाली मान घालून पोळीबरोबर, मग नुसतीच, ती भाजी खात राहिला. ताटाची कड पुसून झाल्यावर त्यानं वर न बघताच विचारलं, "पूनम, अजून आहे का गं?"

चेअरमनांनी टोपी सारखी केली. ठराव मंजूर झाल्यावर करतात तशी.

संध्याकाळी गाडी आली. तिला हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि ती फाटकाबाहेर रस्त्यावरच उभी केली. अजूनही तिथेच असते. वर कडुनिंब आहे, त्यामुळे कव्हरवर कावळ्यांची कृपा असते. संजय कुरकुरतो. चेअरमन म्हणायचे, "तिला पण सांगितलंय, सरकून बस."

त्यानंतर दरवर्षी घटस्थापनेला त्यांचा वाफा घटासारखाच दाट पेरला जाई आणि दसऱ्यापासून बदल्या सुरू होत. आधीच विरळ पेरा, असं मी दरवर्षी सांगितलं. दरवर्षी त्यांनी मान डोलावली आणि पाकीट पालथं केलं. बदलीच्या भाजीची वाटी मात्र भिंतीवरून नियमानं माझ्याकडे आली. तुमच्या आईला मी फोनवर तिचं कौतुक सांगायची, पण चेअरमनांना कधी सांगितलं नाही. ते डोक्यावर बसले असते.

गेल्या वर्षी माघात तापाचं निमित्त झालं आणि चेअरमन गेले. राहूहून माणसं आली. इतकी आली की अंगणात, रस्त्यावर, माझ्या ओट्यावरही मावेनात. सोसायटीतले सगळे आजी, माजी, पडलेले, भांडलेले. माझ्या घरातल्या सगळ्या खुर्च्या त्या दिवशी पलीकडे गेल्या, तरी कितीतरी जण उभेच होते.

नंतरच्या घटस्थापनेला वाफा रिकामा राहिला. वरची माती उन्हानं तडकली. मी रोज सकाळी माझ्या रांगांना पाणी घालताना कानोसा घ्यायची. आज ब्लॉकचा टेम्पो येईल, उद्या येईल. मी संजयला विचारलं नाही, त्यानंही विषय काढला नाही.

यंदा घटस्थापनेच्या सकाळी मी दोरी ताणत होते, तेव्हा पलीकडे खुरप्याचा आवाज आला. संजय होता. फर्स्ट शिफ्टची बस सोडून, कंपनीचा टी-शर्ट अंगात, चपला फाटकाशी काढून ठेवलेल्या. माती भुसभुशीत झाली होती, शेणखत मिसळलं होतं. त्यानं मुळ्याचं पाकीट फाडलं आणि तळहातावर पालथं केलं. सगळंच्या सगळं.

"संजय, अरे, फार दाट होतंय."

त्यानं वर पाहिलं नाही. मुठीनं बी पसरत राहिला.

"होऊ द्या काकू. दसऱ्याला बदल्या करू."

मी भिंतीपासून वळले. मग दोरी गुंडाळून ठेवली आणि डब्यातलं मुळ्याचं बी मुठीत घेतलं.