रपट्यावरचं पाणी

नातीचा नागपूरचा प्रवेश पुरामुळे हुकला, असं घरात आणि गावात सगळे मानतात. मी सांगितलं म्हणून मानतात. ते खरं नाही.

आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतर धानोऱ्याच्या पुढे, आमच्या गावी येऊन राहिलो. मुलगा घुग्घुसला सिमेंट कारखान्यात, महिन्यातून एकदा येणारा. घरात सून, नात आणि मी. नातीला कृषी पदवीला जायचं होतं. बारावीचा आणि प्रवेश परीक्षेचा अभ्यास मीच घेतला. दाखल्यांसाठी तहसीलला खेटेही मीच घातले. एकदा ती म्हणाली, "आबाजी, तुमी मास्तर होते का पटवारी?"

तिला नागपूरच्या कॉलेजात जागा मिळाली. मूळ कागद घेऊन शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिथे हजर व्हायचं होतं. दोन दिवस नाल्याच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. एसटी बंद, मोबाइलला रेंज नाही. शुक्रवारी सकाळी सून म्हणाली, "मामाजी, तुमी पाहून या. पोरगी तयार बसली हाये."

आमच्याकडे पाणी बघायला एक जण जातो आणि बाकीचे त्याच्या शब्दावर थांबतात.

मी गेलो. पाणी घोट्याएवढं उरलं होतं. पलीकडून एक मोटारसायकलवाला आला. "मास्तर, काऊन उभे राह्यले? रस्ता चालू झाला. पल्याड जीप हाये."

"मले कुठी जायचं नाई," मी म्हटलं. तो पुढच्या गावाकडे निघून गेला.

परतताना मी काही ठरवलं नव्हतं. ती अंगणात पाठीला बॅग लावून उभी होती.

"उतरलं, आबाजी?"

"नाई माय. कंबरेइतकं हाये."

"मंग दुपारून?"

दुपारी पुन्हा मीच गेलो आणि येऊन तेच सांगितलं. सांजेला एसटी आली तेव्हा म्हटलं, आत्ताच उतरलं असेल. नात रडली. सून तिला म्हणाली, "पान्यापुढं कोनाचं चालते?" मी मान हलवली आणि जेवायला बसलो. मला काहीच वाटलं नाही. अजूनही नीट वाटत नाही.

ती गेली असती तर घरात माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नसतं. कारण एवढंच होतं.

पुढच्या वर्षी तिने परीक्षा दिली नाही. "आता नको," म्हणाली. मी आग्रह केला नाही. ती तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करते. संध्याकाळी माझ्याजवळ बसते, पण बोलत फारशी नाही. मी विचारलं तेवढ्याचं उत्तर देते.

माझं अक्षर घरात फक्त तिलाच लागतं. हे कागद तिच्याच हातात देणार आहे. तिचं वाचून होईपर्यंत उठून जायचं नाही, एवढं मात्र ठरवलं आहे.