रिकाम्या चौकटीचा टीव्ही

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबा दवाखान्यातून घरी आले, तेव्हा त्यांची जीभ जड झाली होती आणि उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवलेलाच राहायचा. त्या जड जिभेने त्यांनी पहिली मागणी केली ती टीव्हीची. समोरच्या खोलीतला रंगीत त्यांना नको होता. त्यांना त्यांचा स्वतःचा, शटरचा टीव्ही हवा होता.

लाकडी पेटीचा, दोन्हीकडून सरकणाऱ्या शटरचा तो ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्यांनी मोठ्या हौसेने घेतला होता. आमच्या नालवाडीच्या गल्लीत तो पहिलाच. आधी आवाज यायचा, मग जरा वेळाने चित्र उजळत जायचं, आणि तोवर बाबा पाहुण्यांना थांबा म्हणून हाताने खूण करायचे, जणू चित्र तेच आणत होते. पुढे घरात रंगीत आला आणि शटरचा माझ्या धाकट्या भावाने पिपरी मेघेला नेला. तिथे एका भाड्याच्या खोलीत त्याचा केबलचा धंदा होता. गच्चीवर डिशच्या छत्र्या, खाली यंत्रं आणि मी. बी.ए. होऊन घरी बसलेली बहीण म्हणजे फुकटचं माणूस, अशी त्याची समजूत.

आमच्या लोकल चॅनेलवर गाणी आणि जाहिराती चालायच्या, आणि गावात कोणी वारलं की श्रद्धांजली. ती जमवणं माझ्याकडे. एक जाड पांढरं अंडाकृती कडं, दोन बाजूंना दोन समया, खाली ठळक पांढऱ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. कड्याच्या आत फोटो. पडद्यावर अक्षरं उमटवायची एक मशीन होती, तिच्यावर हे सगळं रचायला माझा जीव निघायचा, आणि मशीन बंद केली की रचलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणून आम्ही ती बंदच करत नव्हतो. माणूस काही वेळ सांगून मरत नाही, असं भाऊ म्हणायचा. चॅनेलवर गाणी चालू असायची आणि खोलीच्या कोपऱ्यात, मशीनला जोडलेल्या बाबांच्या टीव्हीवर, रिकामी चौकट तयार. लाइट गेले तरी इन्व्हर्टरवर ती तशीच. उन्हाळे-हिवाळे ती तिथे उभी होती.

मी डबा खायला तिच्याकडे पाठ करून बसायचे. खोटं कशाला सांगू, कुणाच्या घरून फोटो आला की मला सुटल्यासारखं वाटायचं. चौकट भरलेली असली की तिची भीती कमी वाटे. रिकामी असली की ती कुणासाठी थांबली आहे, हा विचार मानेवर बसायचा.

मग कॉम्प्युटर आला, मशीन गेली, टीव्हीही बंद पडून धूळ खात राहिला. आणि आता बाबा तो मागत होते.

मी वर्ध्याहून एका मेकॅनिकला पिपरीच्या खोलीवर बोलावलं. त्याने मागचा पत्रा काढला, काहीबाही बदललं आणि टीव्ही लावला. खरखर आली. मग काचेवर पांढऱ्या मुंग्या उजळल्या, आणि त्या मुंग्यांमध्ये एक काळपट कडं उभं राहिलं. दोन बाजूंना दोन समया. खाली अक्षरंही, स्पष्ट वाचता येण्याजोगी. मेकॅनिकने बटणावरचा हात काढून घेतला.

“ताई, हे काय आहे?”

मी सांगितलं. एकच चित्र फार काळ राहिलं की आतला थर तेवढ्या जागी जळतो, हे त्याला ठाऊक होतं. पण असं चित्र त्याने पाहिलं नव्हतं.

“या साइजची दुसरी ट्यूब आता भेटत नाई,” तो म्हणाला. “मी म्हणतो खोलून टाका. स्पीकर निघंन, कॉइलचं तांबं निघंन. पेटीचं कपाट करा.”

भाऊ लगेच तयार झाला. “बाबाले सांगून देऊ, टीव्ही जळला.”

त्याला काय जातंय. बाबांच्या उशाशी रात्रंदिवस मी बसत होते, आणि रोज ते “आला काय?” विचारत होते. आयुष्यात त्या माणसाने स्वतःसाठी फार काही मागितलं नव्हतं. पण अंथरुणाला खिळलेल्या बापासमोर श्रद्धांजलीची चौकट कशी मांडायची? मी दोन्हीकडून हैराण झाले. शेवटी मेकॅनिकला उजेड कमी करायला लावला. कडं फिकं पडलं. न सांगता कुणाला दिसणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि ऑटोत टाकून टीव्ही घरी आणला.

आधी आवाज आला. बाबांनी डावा हात उचलून आम्हाला थांबा अशी खूण केली. मग चित्र आलं आणि ते रडले.

पुढचे दिवस ते बघत राहिले. मी टीव्ही बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. बातम्या सांगणारी बाई नेमकी त्या कड्यात बसायची. तिचे ओठ हलायचे आणि छातीवर ती अक्षरं. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. मला वाटलं, निभावलं.

एका दुपारी चालू कार्यक्रमात लाइट गेले. आई शटर ओढायला उठली आणि तिथेच थांबली. बंद काचेवरही डाग होता, करडा. आणि काचेत समोरच्या खाटेवरच्या बाबांचं प्रतिबिंब पडलं होतं. बरोबर कड्याच्या आत.

“हे काय आहे?” आईने मला विचारलं. मला सांगावं लागलं.

“जित्या माणसाले त्यात बसवलं तुमी,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. भावाकडे वळून म्हणाली, “आजच्या आज भंगारात दे.”

भाऊ पिन काढायला वाकला.

“राहू दे,” बाबा म्हणाले.

आम्ही तिघं त्यांच्याकडे वळलो.

“मले पहिल्या दिवसापासून दिसते.” एकेक शब्द ते ओढून आणत होते. “बातम्यावाली त्यात बसते. मंत्री बसते. बॉलर धावत येते, तोबी त्यातूनच. सारेच बसून राह्यले. मंग मी एकटाच काऊन भेऊ?”

आणि ते तोंडाच्या एका बाजूने हसले. टीव्ही राहिला. आई मात्र लाइट गेले की आधी शटर ओढायला धावायची, दिवा नंतर. मला बाबांच्या बोलण्याने धीर आला नाही. उलट मी कुणाशीही बोलायला लागले की त्याच्या चेहऱ्याभोवती कडं दिसायचं, दूधवाल्याच्यासुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. सुतकात टीव्ही लावत नाहीत, पण केबलवर फोटो लागला आहे म्हणून कुणीतरी आईला सांगितलं, आणि ती शटरच्या टीव्हीकडे बोट दाखवून “लाव” म्हणाली. खोली नातेवाइकांनी भरली होती. आधी सनईचा आवाज आला. मग चित्र.

कॉम्प्युटरवर मी जुनीच चौकट त्याच मापाने काढून ठेवली होती. पांढरं कडं काळ्या कड्यावर बसलं. समईवर समई, अक्षरावर अक्षर. जळलेलं सगळं त्याखाली लपलं. परत आणल्यापासून पहिल्यांदाच त्या काचेवर एकही डाग नव्हता. आत बाबा होते, इतके साफ की शर्टाची बटणं मोजावीत.

“चित्र काय मस्त येते,” शेजारची काकू हळूच म्हणाली.

आई बराच वेळ बघत राहिली. मग उठली, दोन्ही हातांनी शटर ओढलं आणि भावाला म्हणाली, “आता ने याले. याचं काम झालं.”

भाऊ वायर गुंडाळू लागला.