दीड वर्षाचं कारण

नागपूरला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात मला फिट्स यायला लागल्या आणि नेमकं औषध लागू पडेपर्यंत कॉलेज सुटलं ते दीड वर्ष. पुढे परत गेले, पास झाले, लग्न करून मिशिगनमध्ये ट्रॉयला आले, परदेशी डॉक्टरांसाठी असलेली परीक्षाही दिली. शेवटची फिट येऊन पाच वर्षं झाली होती. पण रेसिडेन्सीच्या, म्हणजे इथल्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या, अर्जात तारखा लिहायला बसलं की ते दीड वर्ष उघडं पडायचं.

आमच्या मराठी मंडळींत एक सर्जन काका होते. भारतातून आलेल्या कितीतरी डॉक्टरांचे अर्ज त्यांनी मार्गी लावले होते. एका रविवारी दुपारी त्यांनी माझा कच्चा अर्ज वाचला आणि अगदी मायेनं समजावलं. आधीच पदवी परदेशी, त्यात बाई, त्यात लग्न झालेली. नाही म्हणायला आणखी एक कारण आपण होऊन कशाला द्यायचं? वडील आजारी होते म्हणून घरी राहिले, असं लिही. इथून कुणी नागपूरला चौकशीला जात नाही.

सल्ला व्यवहाराचा होता. परत येताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, तसंच करू या.

घरी येऊन टाइपरायटरवर ते वाक्य उमटवलं. वडील आजारी. आणि बोटं थांबली.

माझी पहिली फिट वॉर्डमध्ये, पेशंटांच्या देखत आली होती. शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती. तीही मेडिकल कॉलेजात. आमच्या एका सरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलीची जात आहे, डॉक्टरकीचा हट्ट सोडा आणि बाहेर कुठे बोलू नका. वडिलांनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. कुणी विचारलं की, मलेरिया झालाय म्हणावं तितक्या सहज, ते सांगायचे, तिला फिट्स येतात, औषध चालू आहे. स्थळं आली तेव्हाही पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. चार घरं पोहे खाऊन गेली ती गेलीच. पाचव्यानं विचारलं, औषध कोणतं आणि दिवसातून किती वेळा? त्याच्याशी माझं लग्न झालं.

अशा वडिलांना मी कागदावर आजारी पाडणार होते.

कागद ओढून काढला, दुसरा घातला. लिहिलं की मला एपिलेप्सी आहे, आणि ते दीड वर्ष मी पेशंट होते. माझ्या कॉटजवळ उभे राहून डॉक्टर माझ्याबद्दल वडिलांशी बोलायचे. मी मेडिकलची विद्यार्थिनी असूनही मला कुणी काही विचारायचं नाही. पेशंटशी कसं बोलावं हे मी तिथे, आडवी पडून शिकले, हेही लिहिलं.

नवऱ्यानं वाचलं. "आणि नाही मिळालं तर?"

"तर खरं सांगून नाही मिळालं," मी म्हटलं.

त्यानं पाकिटांवर तिकिटं लावायला घेतली. काकांना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं की आता तुझं तू बघ.

नकाराची पत्रं येत राहिली. इंटरव्ह्यूला दोनच ठिकाणांहून बोलावणं आलं. पहिल्या ठिकाणी मेडिसिनबद्दल एकही प्रश्न नाही. सगळे फिट्सबद्दल आणि मुलं कधी होऊ देणार याबद्दल. निघताना मुलाखत घेणारे गृहस्थ म्हणाले की हे तुम्ही लिहायलाच नको होतं. मी विचारलं, पेशंटनं आजार लपवला तर तुम्ही रागावता ना? त्यांनी फाइल मिटली.

दुसरं हॉस्पिटल डेट्रॉइटमधलं. तिथल्या प्रमुखांनी, सत्तरीला आलेल्या एका उंच डॉक्टरांनी, सरळच विचारलं. रेसिडेंटला छत्तीस-छत्तीस तास जागावं लागतं आणि झोप मोडली की फिट येऊ शकते. मग कसं?

"येऊ शकते," मी म्हटलं. "आली तर मी थोडा वेळ पडेन आणि नर्स दुसऱ्या डॉक्टरला बोलावेल. ज्यांनी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही, त्यांचं कधी काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही. माझं ठाऊक आहे."

त्यांनी माझा अर्ज पुन्हा उघडला. मग म्हणाले, दर महिन्याला न्यूरॉलॉजिस्टचं पत्र आणावं लागेल. मी म्हटलं, सगळ्या रेसिडेंट्सकडून घेणार असाल तर मीही आणेन.

घरी येताना वाटलं, संपलं. मार्चमध्ये त्यांच्याकडूनच होकार आला. करारात पत्राची अट होतीच. मी पेननं त्या ओळीवर काट मारली, शेजारी सही केली आणि कागद परत पाठवले. ते पत्र पुढे कधीच कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या वर्षी सकाळच्या राउंडमध्ये मला फिट आली. जाग आली तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली कुणाचा तरी घडी घातलेला एप्रन होता आणि एक सहकारी घड्याळ बघून वेळ मोजत होता. ज्याला तपासत होते तो पेशंट सुखरूप होता. दुपारी प्रमुख आले, वर्षभर रजा घ्या म्हणाले. मी नाही म्हटलं. रात्रीच्या ड्यूट्या चार महिने बंद, दिवसाचं काम चालू, यावर तोडगा निघाला. माझ्या रात्री इतरांच्या डोक्यावर पडल्या. त्यातले काही चिडले आणि त्यांचं चुकलं नव्हतं. पुढे त्यांचे सणवार आणि शनिवार-रविवार मी केले, पण कुणाचीही माफी मागितली नाही.

इतरांच्या चार महिने मागाहून माझी रेसिडेन्सी पूर्ण झाली. समारंभ होऊन गेला होता. सर्टिफिकेट ऑफिसमधल्या बाईंनी काउंटरवरूनच दिलं. नवऱ्यानं पार्किंग लॉटमध्ये फोटो काढला. त्यात मी तोंड भरून हसते आहे आणि रोजच्या गोळ्यांनी सुजलेल्या हिरड्या स्पष्ट दिसताहेत. तो म्हणाला, तोंड मिटून आणखी एक काढू का?

मी म्हटलं, हाच नागपूरला बाबांना पाठव.