मेले म्हणजे वर

“दोन दिवे आहेत की गाडीला. आणखी दोन लावून काय करणार, वरात काढणार?”

हा आईचा सवाल. तो तिने स्वयंपाकघरातून, कढईकडे पाहत केला आणि उत्तराची वाटही पाहिली नाही. मला मात्र बरं वाटलं. दोन महिन्यांत तिच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

जीप माझी आहे. हे आधीच सांगते, कारण चेन्नईच्या मैलापुरात आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा खाली उभी असलेली हिरवी जीप बघून माझ्या नवऱ्याचं अभिनंदन करतो आणि माझं टाळकं सरकतं. आठवडाभर मी सिरुसेरीच्या एका काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरपुढे बसते. सुट्टीच्या दिवशी मात्र किनाऱ्याच्या रस्त्याच्या आत, ताडांच्या रानात, चिखलात आणि वाळूत गाडी घालते. नवऱ्याला मुळात गाडी लागते. तो इथलाच, तंजावरी मराठी घरातला, बँकेत नोकरीला. शनिवारी तो सभेत, म्हणजे इथल्या संगीतमंडळात, जाऊन गाणं ऐकतो आणि रविवारी मी चिखलाने माखून आले की पाइप घेऊन जीप धुतो. आमचं बरं चाललं आहे.

तर दिवे. जीप मी जुनी घेतली होती आणि तिचे दिवे नावालाच दिवे होते. पहाटे रानात शिरलं की समोरचा खड्डा माझ्याआधी चाकाला कळायचा. म्हणून बंपरवर दोन मोठे गोल दिवे बसवायचे ठरवले.

आता आईबद्दल. ती मिरजेकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेची घंटा फुटली तेव्हा हेडमास्तरांनी नवी आणायची घाई केली नाही, तुझ्या आईला पटांगणात उभं केलं की भागतं म्हणाले, असं बाबा सांगायचे. बाबा गेल्यावर मी तिला इथे आणलं आणि ही एवढ्या आवाजाची बाई मैलापुरात येऊन गप्प झाली. फुलवाली तमिळ, भांडीवाली तमिळ, शेजारच्या मामी तमिळ. सगळ्या प्रेमाने बोलायच्या आणि आई नुसती मान डोलवायची. जावयाशी बोलावं तर त्याचं मराठी तिला झेपत नव्हतं. तो “सांगट्लें” म्हणाला की तिचा हात लाल पेनाकडे जायचा. घरातून निघताना तो त्यांच्या पद्धतीप्रमाणे “जाऊन येतों” म्हणायचा, त्यावर ती ठरलेलं विचारायची, “जाताय की येताय? एक काय ते ठरवा.” तेवढाच तिचा संवाद.

मग एक दिवस तिने जाहीर केलं, “मी इथं मुकी झाले गं. माझं तिकीट काढ. आणि परत काही मी यायची नाही.”

मला दुःख झालं की आधी राग येतो, हा माझा जुना रोग. मी ताडताड बोलून तिकीट काढून टाकलं, एग्मोर स्टेशनहून, पुढच्या शुक्रवारचं. मग न्हाणीघरात जाऊन रडले. गावात तरी तिच्याशी बोलायला कोण होतं? शेजारचं घर बंद, शाळेतल्या मैत्रिणी मुलांकडे पांगलेल्या. ती तिथे एकटी बसणार आणि आणखी गप्प होणार, हे मला लख्ख दिसत होतं. बाबांबद्दल तर ती एक अक्षर बोलत नव्हती. ते गेले, हेसुद्धा तिने स्वतःच्या तोंडाने अजून म्हटलं नव्हतं. शुक्रवारच्या आत काहीतरी व्हायला हवं होतं आणि काय व्हायला हवं ते मला सुचत नव्हतं.

अशात रविवारी दिवे बसवायला इलेक्ट्रिशियन आला. पुदुपेटच्या बाजारात त्याचं छोटं दुकान आहे. साठीचा गडी, पोट पुढे, चष्मा दोरीने गळ्यात, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. आल्या आल्या त्याने दिवे टपावर लावायचा हट्ट धरला, कारण तसे ते मिरवतात. मी म्हटलं, टपावरचा उजेड बॉनेटवर पडून माझ्याच डोळ्यांत येईल, बंपरवरच लाव. बराच वेळ आमची जुंपली. शेवटी मी जिंकले, कारण गाडी माझी.

मग ड्रिल चाललं, ब्रॅकेट बसले, बॅटरीपासून जाड वायर निघाली, मध्ये फ्यूज आला, रिले आला. स्विच मी स्टिअरिंगच्या डावीकडे बसवून घेतला. मोठ्या थाटात दाबला. काहीच झालं नाही. इलेक्ट्रिशियनने आधी बॅटरीला दोष दिला, मग गाडीच्या आधीच्या मालकाला, मग दिवे बनवणाऱ्या कंपनीला. शेवटी खाली वाकून अर्थिंगचा विसरलेला बोल्ट गुपचूप आवळला आणि काही घडलंच नाही असा चेहरा करून उभा राहिला. नवरा पायरीवर बसून हसत होता.

आता खरं काम राहिलं होतं. दिवे नुसते लागून चालत नाही, त्यांची नजर जुळवावी लागते. गाडी भिंतीसमोर लांब उभी करायची, भिंतीवर दिव्यांच्या उंचीची आडवी रेघ मारायची आणि उजेडाचे दोन्ही गोल रेघेला धरून बसेपर्यंत दिवे वरखाली कलवायचे. त्यासाठी थोडा अंधार लागतो. दिवस मावळायला आला तशी मी वर गेले आणि आईला म्हटलं, “खाली चल. भिंतीवर सरळ रेघ मारायची आहे, आम्हाला कोणाला येत नाही.”

रेघेचं नाव काढल्यावर ती आली. कंपाउंडच्या भिंतीवर तिने खडूने अशी रेघ ओढली की फूटपट्टीने लाजावं. मग भिंतीजवळच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, हातात खडू तसाच.

मी गाडी मागे घेऊ लागले. इलेक्ट्रिशियन मागे उभा राहून ओरडायला लागला, “वा! वा! वा, वा, वा!”

तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. आई खुर्चीतून म्हणाली, “एवढं काय कौतुक करतोय? नुसती गाडी तर मागं घेतेय.”

मला हसू फुटलं, पण माझी मान मागे वळलेली होती, तिला दिसलं नाही.

मी स्विच दाबला. दोन मोठे पांढरे गोल भिंतीवर आदळले आणि सगळं अंगण उजळलं. सांजेला दिवा लागला की आपले हात आपोआप जोडले जातात. आईचेही जोडले गेले, जीपच्या दिव्यांपुढे. इलेक्ट्रिशियनने ते पाहिलं आणि पान्हा काखेत धरून त्यानेही हात जोडले. मग पान्हा नवऱ्याच्या हाती दिला, त्याला बंपरपाशी बसवलं आणि स्वतः भिंतीजवळ, आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. गोल रेघेच्या खाली होते. तो खच्चून ओरडला,

“मेले! मेले! इन्नुम कोंजम मेले!”

आई ताडकन उठली. खुर्ची मागे कलंडली. “कोण मेले?” म्हणाली ती, आणि तिचा चेहरा असा झाला की मी दार उघडून धावले. तोवर बिचारा आपल्याच नादात, हात वर करकरून, “मेले, मेले!”

आणि मग आईचा आवाज सुटला. पटांगणातला, घंटेच्या बदलीचा. “तोंडाला काही लगाम? भर तिन्हीसांजेला, दिव्यापुढं उभं राहून मेले मेले काय? वास्तू तथास्तु म्हणत असते! बायकापोरं आहेत ना घरात? असलं अभद्र कोणी शिकवलं तुम्हाला?”

चारही मजल्यांवरचे लोक गॅलरीत आले. वॉचमन धावत आला. इलेक्ट्रिशियन हात वरच्या वर ठेवून पुतळा झाला होता. “अम्मा एन्ना सोल्रांग?” अम्मा काय म्हणतायत, असं त्याने कळवळून विचारलं.

नवरा पान्हा टाकून आला. आधी आईला म्हणाला, “आई, तो अजून थोडं वर म्हण सांगट्ला. मेला म्हण नव्हे. तमिळांत मेले म्हणजे वर, मघाचं वा म्हणजे ये, तसं.” मग त्याला तमिळमध्ये समजावलं की ह्यांच्या भाषेत मेले म्हणजे काय.

“अय्यय्यो!” इलेक्ट्रिशियनने देवळात चूक कबूल करतात तसे आपले दोन्ही गाल थोपटून घेतले. आईपुढे हात जोडले. आणि पुन्हा कामाला लागला, पण आता त्याची पंचाईत झाली. ‘मेले’ म्हणायचं नाही आणि दिवे तर वर घ्यायचे. त्याने “अप्, अप्” करून पाहिलं. मग उत्साहाच्या भरात “मे—” निघालं, त्याने जीभ चावली, आईकडे चोरून पाहिलं आणि नुसतंच बोट वर करून उड्या मारायला लागला. ते पोट, तो दोरीला लोंबणारा चष्मा आणि त्या उड्या.

आई हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग खुर्ची उचलून तिच्यावर बसून, पोट धरून. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी जीपला टेकून तिच्याबरोबर हसत सुटले.

तेवढ्यात मी आणि नवरा बोल्टवरून भांडायला लागलो. तो म्हणे दिवे जुळले, मी म्हणे नाही. इलेक्ट्रिशियन चष्मा पुसत होता. आणि भिंतीजवळून आज्ञा आली:

“मेले! डावा मेले!”

आई खडू रोखून उभी होती. इलेक्ट्रिशियनने क्षणात पान्हा उचलला. “मेले, अम्मा?”

“मेले. अजून मेले. अजून... बास!”

“पोदुम?”

“पोदुम म्हणजे बास का? मग पोदुम!”

गोल रेघेवर जाऊन बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या मामींनी टाळ्या वाजवल्या आणि आईने मान वर करून त्यांना सांगितलं, “वा! खाली या, कॉफी करते.” मामींना ‘वा’ कळलं आणि ‘कॉफी’ कळलं. त्या आल्या.

त्या संध्याकाळी देवापुढचा दिवा लावायला उशीर झाला. आई निरांजनात वात सारखी करत होती. मला म्हणाली, “मी विनाकारण घाबरले. ही वास्तू मैलापूरची, तिला मराठी कुठलं येतंय? तिनं ‘वर’ असंच ऐकलं असणार. वर जाऊ देत दिवे, तथास्तु.”

मी हसले. ती हसली नाही. वात पेटवली, हात जोडले, आणि ज्योतीकडे बघत म्हणाली, “आणि आपल्यात तरी काय वेगळं म्हणतात? माणूस वर गेला असंच म्हणतात ना. तुझे बाबा मेले.” मग बोट वर करून पुन्हा, हळू, तमिळ अर्थाने म्हणाली, “मेले.”

मला रडू कोसळलं. तिने मला जवळ घेतलं आणि बोलायला लागली. घरात कोणी उगाच दिवा जळत ठेवला की बाबा कसे ओरडायचे, ह्या जीपचे चार दिवे बघून त्यांना कशी झीट आली असती, बिल कोण भरणार म्हणून त्यांनी जावयाला कसं धारेवर धरलं असतं. नवऱ्याने ताटं मांडली तरी ती बोलत होती.

पुढचे दिवस ती रोज सकाळी खाली जायची. फुलवालीशी शब्दांची देवघेव चालायची. मला ती सांगायची की कीळे म्हणजे खाली, आणि काय बाई, इथे ‘सरी’ म्हणजे पावसाच्या नव्हेत, ‘बरं’! इलेक्ट्रिशियन दिव्यांची काळी टोपणं घेऊन आला, कारण शहरात ते दिवे झाकून ठेवावे लागतात, नाहीतर पोलीस अडवतो. “एवढं जुळवून शेवटी झाकायचे?” आईने त्याला मराठीत झापलं. त्याने तमिळमध्ये खुलासा केला. दोघांचं छान चाललं होतं. तिकिटाचा विषय तिने काढला नाही आणि माझी काढायची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी एग्मोरला आम्ही जीपनेच गेलो. हमालाने तिची बॅग सीटखाली सरकवली तशी ती कडाडली, “कीळे नको. मेले!” त्याने निमूट वरच्या बर्थवर टाकली. समोर पुण्याला निघालेलं एक मराठी जोडपं होतं, ते दचकलं. आई त्यांना खुशीत समजावू लागली, “अहो, कोणी मेलं नाही. म्हणजे आमचे हे गेले, पण तो वेगळा विषय, सांगते नंतर.” त्या बाईंनी सरकून तिला जागा दिली.

आम्ही खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिलो. गाडी हलली तशी ती गजांतून म्हणाली, “गावचं घर झाडून, लोणच्याची बरणी घेऊन निघते. दिव्यांची टोपणं मी असताना काढ. मला ते ताडाचं रान बघायचंय.” आणि मग, थेट जावयाच्या चालीत, “जाऊन येतें!”

नवरा गाडीबरोबर चालायला लागला होता. तो ओरडला, “जाताय की येताय? एक काय ते ठरवा!”

“येतें,” आई म्हणाली.