न तोलता लिहिलेले अडीच किलो

माझ्या वहिनीच्या पोरीवर अन्याय झाला तो मी दहावीत असताना, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी दहाला, ती जन्मली तेव्हाच.

काल फिनेलचा वास आला आणि दवाखान्यातला तो बाळंतिणींचा वॉर्ड पुन्हा दिसला. वजनकाटा कपाटावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तरी सिस्टरनं कागदावर लिहिलं, अडीच किलो.

वहिनीची आई मेंढ्या राखायची. तिनं लेकरू ओंजळीत तोललं. "बाई, कोकरू हातावर घेऊन मी वजन सांगते. हे दोन किलोबी न्हाई. गार पडलंय."

"मग तुमीच व्हा डॉक्टर!" सिस्टर हसली. मीही हसलो.

कागदावर अडीच किलो असलेल्या लेकराला उबेच्या काचेच्या पेटीत कोण ठेवतं? संध्याकाळी पोरगी गेली. न तोलता आकडा लिहिणं ही चूक होती की सिस्टरची सोय, याचा मला आजही संशय आहे.

तुमच्या घरी बाळंतपण असेल, तर लेकरू डोळ्यांदेखत काट्यावर ठेवायला लावा. आकडा स्वतः वाचल्याशिवाय तिथून हलू नका.