हेडफोनची गळती

निवृत्तीनंतर नवऱ्याला मीच हट्टाने घरी बसवलं. सांवेर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात यांची उभी हयात तपासणी विभागात गेली, तीही शब्दशः उभ्याने. गुडघे कुरकुरायला लागले होते. तरी कारखान्याने "आठवड्यातून दोन-तीन दिवस येत जा" म्हटलं, तेव्हा यांनी तोंड उघडायच्या आत मी "नाही" म्हणून मोकळी झाले. हे माझं ऐकून घरी बसले. पण त्याची भरपाई माझ्या संध्याकाळच्या वेळातून व्हायला लागली.

शाळेतून शिकवून आल्यावर तासभर रॉक ऐकायचं, हा माझा कॉलेजपासूनचा नेम. छत्रीबागेतल्या आमच्या घरात बसायची खोली एकच. माझे जुने हेडफोन उघड्या पाठीचे, त्यामुळे ड्रम माझ्या कानात आणि झांजांची चिरचिर यांच्या कानात. "काय ती किरकिर!" म्हणून हे वैतागायचे आणि वर दिवसभराच्या साठलेल्या गप्पा नेमक्या त्याच तासात मारायचे. हेडफोन घालूनही मला सगळं स्वच्छ ऐकू यायचं, मग मी हूं हूं करत राहायचे. आवाज कमी करून रॉक ऐकायचं म्हणजे दुधाची तहान ताकावर. हे आता घरीच राहणार होते, आणि मला माझा तास परत हवा होता. तेव्हा बंद पाठीचे हेडफोन घ्यायचं ठरलं. दुकानात हेही सोबत आले.

"आंटीजी, भजन-वजन के लिए ये हल्का वाला ले जाओ," दुकानदार म्हणाला.

"भजन नहीं, रॉक."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. यांनी खांदे उडवले.

मग त्याने धमधम करणारे काढले. त्यात बेस एवढा की गिटार विहिरीत पडल्यासारखी वाटायची. दुसऱ्यात गिटार छान, पण झांजा दातांवर यायच्या. मला हवं होतं ते साधं होतं. ड्रमचा ठोका छातीत कळावा, पण गाणाऱ्याचा खरखरीत गळा त्याखाली दबू नये. तिसरे तसे होते, फक्त बेस पातळ लागत होता.

यांच्यातला तपासनीस तिथे जागा झाला. भर दुकानात हे वाकले आणि माझ्या डोक्यावरच्या हेडफोनला बाहेरून कान लावून उभे राहिले. मोबाइलची कव्हरं बघणाऱ्या दोन मुली खुदखुदल्या.

"अहो, लोग देख रहे हैं!"

"देखने दे. लीक आहे. गॅस्केट बसत नाहीये. चष्मा काढ. त्या कुड्या पण."

चष्मा आणि मोत्याच्या कुड्या मी यांच्या तळहातावर ठेवल्या. यांचं गॅस्केट, म्हणजे हेडफोनची गादी, कानाभोवती पूर्ण टेकली आणि बेस असा भरून आला की मला हसू फुटलं. यांनी पुन्हा कान लावला, बोटाने कडा चाचपल्या आणि "पास" म्हणून जाहीर केलं.

"अंकलजी, ऐसे तो कंपनी वाले भी चेक नी करते," दुकानदार म्हणाला. हे घरी येईपर्यंत खुशीत होते.

त्या संध्याकाळी कुड्या काढल्या, चष्मा बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसले. घरातले सगळे आवाज नाहीसे झाले. समोर हे काहीतरी बोलतायत, एवढं धूसर दिसत होतं. बोलू देत, म्हटलं. आवडतं गाणं लागलं, ड्रम सुरू झाले आणि मी कॉलेजात हलवायचे तशी ठेक्यावर जोरजोरात मान हलवायला लागले. फार सुख वाटलं, अगदी तृप्त झाले.

गाणं संपल्यावर एक कान मोकळा केला, तर हे फोनवर होते. "हां भिया, सोमवार से. पूछा ना, घर से हां है."

"अहो, कशाला हां?"

"कारखान्याचं! आत्ता विचारलं ना तुला, जाऊ का म्हणून. तू मान हलवलीस. खात्री करायला परत विचारलं, तर केवढ्या जोरात हलवलीस!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांनी तपासलं होतं ते आतला आवाज बाहेर येतो का, एवढंच. बाहेरचा आत जातो का, हे पंपवाल्याला सुचलंच नव्हतं. जुन्या सवयीने हे बोलत राहिले, आणि जी गोष्ट इतके महिने विचारायचा धीर झाला नव्हता, ती विचारून बसले.

मला काही ऐकूच आलं नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि चष्मा लावला. यांचा चेहरा दिसला. इतका आनंदी माणूस या घरात बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"गुडघ्याला पट्टा बांधून जायचं," मी म्हटलं.

"म्हणजे खरंच हो ना?"

"मान हलवली ना मी? मग हो."