उंच जीप आणि आईचे गुडघे

यादी केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. त्यामुळे आईला समुद्र दाखवायचं ठरलं, तेव्हा त्यासाठी गाडी निवडायचं काम मी कोणी सांगायच्या आतच अंगावर घेतलं. एकोणीसशे सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं.

आई भुदरगडच्या बाजूला, घाटमाथ्यावरच्या गावात राहायची. पश्चिमेचा वारा सुटला की म्हणायची, "ह्यो समुद्राकडनं येतोय म्हणं. त्येचं घर एकदा बघाय पायजे." तिचे गुडघे गेले होते आणि एस.टी.चा रस्ता गावापासून लांब होता. म्हणजे तिच्या दारापर्यंत जाणारी गाडी हवी होती. शिवाय तिथून जंगलातल्या कच्च्या वाटांनी कोकणात उतरायचं मी ठरवलं. जंगल ही हौस माझी. पण कागदावर ती मी 'आईसाठी' या सदरात टाकली.

भाड्याची मोटार मी बाद केली. पहिल्याच दगडाला पोट घासलं असतं. टेम्पो चिखलात बसेल म्हणून बाद. शेवटी आमच्या शहरात, शिवाजी पेठेतल्या एका गॅरेजात लष्कराने लिलावात काढलेली जुनी जीप सापडली. मी पदर खोचून तिच्याखाली वाकले, टेप लावून उंची मोजली, टायर ठोकले, तिला पुढे-मागे चालायला लावलं. मिस्त्री हसायला लागले.

"वहिनी, जीप बघताय का सून? गाणं म्हणाय सांगू का तिला?"

"गाणं राहू दे. पोटाखाली जागा कमी आहे. स्प्रिंगचे पाटे वाढवा."

त्यांनी वाढवले. मी पुन्हा टेप लावली. "अजून."

"आता उचलली तर चढाय शिडी लागंल की हो!"

हे मला कौतुक वाटलं. वर मी मोठे टायरही घालून घेतले. आमचे हे गाडी चालवणार होते, म्हणून त्यांचंही मत विचारलं. "छान," म्हणाले. लग्नापासून त्यांचं मत हेच आहे.

जीप दगडगोट्यांतून बोटभरही न घासता आईच्या दारात उभी राहिली. सगळं गाव बघायला आलं. आई नवं लुगडं नेसून, काखेत पिशवी घेऊन तयार होती. तिने मान वर केली.

"आगं, ही गाडी हाय का माळा?"

तिने पाय उचलला. गुडघा निम्म्यातच थांबला. हे पुढे झाले, तशी ती मागे सरली. "पावणं, मला पोत्यागत उचलायची न्हाय हां."

मी दोर आणला होता, फावडं आणलं होतं, स्टोव्ह आणि त्याची पिनसुद्धा आणली होती. चाकाखालचे दगड मोजून पाहिले होते, आत बसणारी बाई मात्र मोजायची राहिली होती. शेजारणीने पाट दिला, मग पाटावर पाट, सगळं डुगडुगलं. आई उंबऱ्यावर जाऊन बसली. "जावा तुमी. बघून या नि सांगा मला."

तेवढ्यात तिचीच नजर देवळापुढच्या पारावर गेली. पाराला पायऱ्या होत्या. "मागनं त्येला लावा की!" ह्यांनी जीप पाराला टेकवली. आई पायऱ्या चढली आणि माजघरातून सोप्यात यावं तशी आत येऊन बसली.

पुढचा प्रवास पारांच्या हिशेबाने झाला. मी नेमलेला झरा, मी नेमलेली कड्याची जागा, सगळे मुक्काम रद्द. पार किंवा देवळाचा कट्टा दिसला की थांबायचं, नाहीतर नाही.

वेंगुर्ल्याला पोचलो आणि माझं तोंड उतरलं. समुद्राला पार नसतो. नुसती सपाट वाळू. ह्यांनी जीप मागे घेत घेत पाण्याच्या कडेला नेली. आई मागच्या फळीवर पाय सोडून बसली. लाट आली ती तिच्या पायांच्या बरीच खालून गेली.

"पावणं, आजून मागं घ्या की."

ह्यांनी घेतली. चाकं फिरली, घरघरली आणि रुतली. बघता बघता मागची बाजू खाली खाली गेली. मी गुडघ्यांवर बसून जीपच्या पोटाखाली बघायला लागले. एवढी भांडून वाढवलेली जागा, त्यात आता मूठसुद्धा जाईना.

वरून आई म्हणाली, "आता झाली बघ बसाय-उठायजोगी."

माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने पाय खाली टाकला. तो वाळूला टेकला. दुसराही टेकला. लुगडं जरा वर धरून ती पाण्यात गेली, ओंजळ भरून जिभेला लावली आणि थुंकली. "आगं बया! येवढं पाणी, नि पेवायच्या कामाचं न्हाय!" मग ती तिथेच, लाटा पायांवर घेत उभी राहिली. मीही उठले आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

नंतर किनाऱ्यावरचे मच्छीमार जीप ओढायला आले. दोर माझ्या सामानात होता, एवढं तरी नोंदवून ठेवते. त्यांनी दोर बांधला, कंबर कसली, तोच आईने हात वर केला.

"थांबा! आदी मला बसू द्या, मग वडा."